घरची आरागिरणी : घ्यावी की न घ्यावी?

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला यंत्राचे वावडे नसते. इथल्या घराघरांतून एखादा तरी फिटर, टर्नर किंवा वेल्डर निघतो, आणि अडचण कोणतीही असो, ‘यासाठी एखादे मशीन मिळते का?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. ते मशीन आपल्याला हवे आहे का, हा प्रश्न बहुधा मागाहून पडतो. गेल्या वर्षी आमच्या घरात हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहिले आणि त्यावर दोन महिने वाद झाला. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे हिशेबाचे काम माझ्याकडे आले. तो हिशेब आणि त्याच्या निमित्ताने गोळा झालेली माहिती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग असा. आमचे घर पिंपळे सौदागरला. एके काळी पवनेकाठचे हे गाव ज्वारीचे आणि भाजीपाल्याचे होते. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि पुढे शेतांच्या जागी इमारती आल्या. आता ‘शिवार’ आहे ते शिवार चौकाच्या नावात. तरी जुन्या घरांच्या काही परसांत चार-दोन झाडे टिकून आहेत. आमच्या परसात आठ होती. त्यांतला आजोबांनी लावलेला आंबा गेल्या मे महिन्यातील वळवाच्या पावसात मुळासकट आडवा झाला. सुदैवाने तो घरावर पडला नाही.

फांद्या तोडून झाल्यावर बुंध्याचे तीन ओंडके उरले. आजीचे म्हणणे, “हे लाकूड सरपणाला जाता कामा नये.” माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, भोसरीच्या एका वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी फिरत्या आरागिरण्यांची माहिती काढली आणि जाहीर केले, की आपण एक विकत घेऊ. आंब्याच्या फळ्या घरीच पाडू. पुढेही उपयोगी पडेल. वडिलांचा विरोध होता, कारण पैसा आप्पांच्या निवृत्तीच्या शिल्लकीतला होता. निर्णयाला सवडही फार नव्हती. आंब्याचे ओले लाकूड पावसात पडून राहिले तर त्यावर काळे-निळे डाग पडतात, भुंगा लागतो, आणि काही महिन्यांत ते खरोखरच सरपणाच्या लायकीचे उरते.

फिरती आरागिरणी म्हणजे काय?

यंत्रे येण्यापूर्वी ओंडका चिरण्यासाठी दोन माणसे लागत. जमिनीत खड्डा खणून त्यावर ओंडका आडवा ठेवीत. एक माणूस वर उभा राही, दुसरा खड्ड्यात उतरे, आणि दोघे मिळून लांबलचक करवत खालीवर ओढीत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा आणि वरच्याच्या कमरेत कळ, अशी ती वाटणी होती. पुढे वाफेच्या आणि नंतर विजेच्या बळावर चालणाऱ्या गिरण्या आल्या. तेव्हापासून ओंडक्याने गिरणीकडे जायचे, हा रिवाज झाला. पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केट हे याच व्यवसायाचे ठिकाण.

फिरती आरागिरणी हा रिवाज उलटा करते. ओंडका जागच्या जागी राहतो आणि गिरणी त्याच्याकडे जाते. यामागे साधे कारण आहे, ते वजनाचे. आमच्या सर्वांत मोठ्या ओंडक्याचे वजन ओल्या स्थितीत चारशे किलोच्या आसपास भरावे. असा ओंडका रस्ता नसलेल्या रानातून बाहेर काढण्यापेक्षा तिथेच त्याच्या फळ्या करून त्या खांद्यावरून आणणे सोपे पडते. १९८२ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे वुड-मायझर ही कंपनी निघाली आणि गाडीमागे जोडून नेता येणारी, पातळ पात्याची आरागिरणी शेतकऱ्यांच्या व लहान कारागिरांच्या आवाक्यात आली.

या यंत्रांचे ढोबळ प्रकार तीन. पहिला, साखळी करवतीला म्हणजे चेनसॉला बसवायची चौकट. ती सर्वांत स्वस्त आणि एका माणसाला उचलता येण्याजोगी. पण काम संथ आणि कष्टाचे. दुसरा, रुळांवरून सरकणारा आडवा बँडसॉ; दोन चाकांवर ताणलेला पोलादी पट्टा ओंडक्यातून आडवा जातो. तिसरा, गोल पात्याचा. त्याचे पाते आडवे आणि उभे असे दोन्ही प्रकारे वळवता येते, त्यामुळे एकाच फेरीत चौकटी लाकूड निघते. तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे अधिक वापरतात.

या प्रकारांत किंमतीइतकाच महत्त्वाचा फरक आहे तो पात्याच्या जाडीचा. पाते जेवढे जाड, तेवढे लाकूड भुशात जाते. चेनसॉची साखळी दर कापाला आठ ते दहा मिलिमीटर लाकूड खाते. बँडसॉचा पट्टा दोन ते तीन. बारा इंच उंचीचा चौकोनी ठोकळा घेतला आणि त्याच्या एक इंच जाडीच्या फळ्या पाडल्या, तर दहा मिलिमीटरच्या कापाने आठ फळ्या मिळतात आणि दोन मिलिमीटरच्या कापाने अकरा. तीन फळ्या नुसत्या भुशात जातात. स्वस्त यंत्र महाग पडते ते असे.

लाकूड मोजावे कसे?

खरेदीचा विचार करण्यापूर्वी आपल्याजवळ लाकूड किती, हे कळले पाहिजे. वखारीत यासाठी एक जुनी रीत आहे. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. इंग्रजीत तिला हॉपसची रीत म्हणतात. या रीतीने खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्केच आकडा येतो. उरलेला भाग साल आणि गोलाईची तूट म्हणून सोडून दिलेला असतो.

आमचे तीन ओंडके असे होते. पहिला ६० इंच घेराचा, ८ फूट लांब. घेराचा चौथा हिस्सा १५ इंच, म्हणजे सव्वा फूट. त्याचा वर्ग १.५६, गुणिले ८, म्हणजे साडेबारा घनफूट. दुसरा ४८ इंच घेराचा, ८ फूट. तो ८ घनफूट. तिसरा ३६ इंच घेराचा, ६ फूट. तो सव्वातीन घनफुटांहून किंचित अधिक. एकूण जवळजवळ २४ घनफूट. कापताना कडा, साल, भुसा आणि चिरा जाऊन हाती निदान निम्मे येईल असे धरले, तर १२ घनफूट, म्हणजे एक इंच जाडीची १४४ चौरस फूट फळी. एक दिवाण, एक मेज आणि पुस्तकांची एक मांडणी एवढ्याला ती पुरते. आजीला हा आकडा सांगितला तेव्हा तिने दिवाण कोणाच्या खोलीत जाणार, एवढेच विचारले.

हिशेब

आता मुख्य प्रश्न. खर्च दोन प्रकारचा असतो: स्थिर आणि बदलता. यंत्र, जादा पाती, धार लावण्याची साधने, वर छप्पर, हा स्थिर खर्च. एक फळी पाडली काय किंवा हजार पाडल्या काय, तो तेवढाच. इंधन, पात्याची झीज, हाताखालचा माणूस, हा बदलता खर्च. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. ज्याने त्याने आपल्या चौकशीतील आकडे तिथे घालावेत.

समजा, बँडसॉ सर्व साहित्यासह तीन लाख रुपयांना पडला. समजा, वखारीत ओंडका नेऊन चिरून आणण्याचा खर्च घनफुटाला दीडशे रुपये, आणि घरच्या यंत्रावर तेच काम पन्नास रुपयांत होते. म्हणजे दर घनफुटामागे बचत शंभर रुपयांची. तीन लाख भरून निघण्यासाठी ३,००० घनफूट लाकूड चिरावे लागेल. आमच्या आंब्याएवढी १२५ झाडे! यंत्र निम्म्या किंमतीत मिळाले तरी साठाच्या वर. चेनसॉची चौकट चाळीस हजारांत पडली आणि बचत तेवढीच धरली, तरी सतरा झाडे. परसात उरलेली झाडे सात. त्यांतले एकही पडावे अशी आमची इच्छा नाही.

“मी काय नफ्यासाठी घेतोय?” असे आप्पांचे उत्तर होते, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. छंदाचाही खर्च असतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या यंत्रावर काम केलेल्या माणसाला स्वतःचे एक यंत्र असावेसे वाटणे स्वाभाविक आहे. “विकत नको असेल तर मी स्वतः बांधतो,” असेही ते म्हणाले. आणि त्यांच्या हाताला ते जड नाही. पण मला वाटते, खरी अडचण पैशाच्या पलीकडची आहे. मोठे यंत्र दारात आले की ते काम मागते. ज्याला १२५ झाडे हवीत असे यंत्र सात झाडांच्या परसात ठेवले, की उभ्या झाडाकडे पाहण्याची दृष्टी नकळत बदलते. फांदी वाळलेली दिसली की ‘याचाही बुंधा चांगला निघेल’ असे मनात येते. बरोबरीचा बिंदू कागदावर असतो तोवर तो फक्त आकडा असतो. यंत्र घरात आल्यावर तो माणसाला झाडे शोधायला लावतो.

चिरल्यानंतरचे काम

आरागिरणीच्या जाहिरातीत फळी निघताना दिसते, पण फळी निघाली म्हणजे काम निम्मेच झाले. ओल्या लाकडात वजनाच्या मानाने पाणी फार असते. आपल्या हवेत घरातील सामानाच्या लाकडात ते साधारण दहा-बारा टक्क्यांवर आलेले असावे लागते. तसे न करता सुताराकडे दिले तर फळ्या वाकतात आणि सांधे उघडतात. म्हणून फळ्या सपाट जागी रचाव्या लागतात. प्रत्येक थरामध्ये ठरावीक अंतरावर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालाव्या लागतात. पट्ट्या एकाखाली एक अशा सरळ रेषेत याव्या लागतात. टोकांकडून पाणी लवकर उडून तडे जातात, म्हणून टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावतात. वर छप्पर हवे, पण चारही बाजूंनी वारा खेळता हवा. एक इंच जाडीच्या फळ्यांनाही यात काही महिने जातात.

आंब्याच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. सागाच्या गाभ्याच्या लाकडाला निसर्गानेच कीड-वाळवीपासून संरक्षण दिले आहे. आंब्याला ते नाही. चिरल्याबरोबर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात फळ्या बुडवाव्या किंवा त्यावर द्रावण फासावे लागते. उशीर झाला तर भुंग्याचे पीठ फळीखाली सांडलेले दिसू लागते.

शहरातल्या झाडात लोखंड असते, हेही लक्षात ठेवावे. दोरी बांधायचे खिळे, पाटीचे खिळे, तारा, हे सर्व झाड आपल्या पोटात घेते आणि वरून साल येते. फिरत्या पात्याला असा खिळा लागला तर पाते जाते, आणि कधी जवळच्या माणसालाही इजा होते. आमच्या आंब्याला चाळीस वर्षांपूर्वी झोपाळ्याची लोखंडी कडी ठोकलेली होती. बाहेरून तिचा मागमूस नव्हता. ती कोणत्या अंगाला होती ते फक्त आजीला ठाऊक होते. तिने काठीने जागा दाखवली आणि आप्पांनी लोहचुंबक फिरवून ती निश्चित केली.

कायदा काय म्हणतो?

आमच्या वादात सर्वांत उशिरा आलेला आणि खरे तर सर्वांत आधी यायला हवा होता तो मुद्दा कायद्याचा. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ४१ व्या कलमात लाकडाच्या वाहतुकीवर नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे, आणि त्यात करवतीच्या खड्ड्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे दोन माणसांच्या करवतीचाही कायद्याने विचार केला होता. यंत्राची गोष्ट तर दूरच.

पुढे १९९५ साली निलांबूरच्या राजघराण्यातील टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांनी गुडलूर भागातील जंगलतोडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने न्यायालयाने जंगलात केंद्राच्या मंजुरीशिवाय चाललेली सर्व कामे थांबवली. त्यांत आरागिरण्याही आल्या. २००२ साली न्यायालयाने नव्या आरागिरण्यांना आपल्या केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय मनाई केली. २०१६ साली केंद्र सरकारने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि परवानगीचा विचार राज्यपातळीवरील समितीकडे आला. यामागचे तत्त्व असे, की एखाद्या भागात गिरण्यांची भूक तेथील लाकडाच्या पुरवठ्यापेक्षा मोठी होता कामा नये. आमच्या घराच्या हिशेबातून मी जे म्हटले तेच न्यायालय सबंध देशाच्या हिशेबातून म्हणत होते, हे वाचून मला मौज वाटली.

गोल ओंडका यंत्रशक्तीने चिरण्याची जागा ती आरागिरणी, असा या नियमांचा रोख आहे. गिरणीला चाके आहेत म्हणून ती आपोआप वेगळी ठरते असे धरून चालू नये. ‘आम्ही विकणार नाही, घरापुरतेच आहे’ एवढ्यावर आपण मोकळे आहोत असेही कोणी समजू नये. पैसे देण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारावे आणि लेखी उत्तर घ्यावे.

झाडाचा कायदा आणखी निराळा. शहरात १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. झाड आपल्या परसातले असले तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. वाऱ्याने पडलेल्या झाडाचीही उद्यान विभागाला खबर देऊन पंचनामा करून घ्यावा, म्हणजे ते पडले की पाडले, हा वाद उरत नाही. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत सागाबरोबर आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडा अशी आपल्या ओळखीची झाडे आहेत. मामांचे मावळात रान आहे, तिकडे यंत्र नेऊ, हा आप्पांचा पुढचा बेत याच ठिकाणी थांबला.

मग ही यंत्रे कोणासाठी?

यावरून फिरती आरागिरणी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या भागांत नारळ-सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अशा वेळी लाकूड एका जागी उदंड असते, रस्ते बंद असतात, मजूर मिळत नाहीत. नोव्हेंबर २०१३ च्या हैयान वादळानंतर फिलिपिन्समध्ये पडलेल्या असंख्य नारळांच्या खोडांपासून घरबांधणीचे लाकूड काढण्यासाठी साखळी करवती आणि फिरती यंत्रे वापरली गेली. एखाद्या सहकारी संस्थेने, ग्रामपंचायतीने किंवा खुद्द महापालिकेने रीतसर परवान्याने असे यंत्र ठेवले, तर दर पावसाळ्यात पडणारी झाडे सरपणाऐवजी शाळांच्या बाकांना लागतील. जे एका परसाला परवडत नाही ते गावाला परवडू शकते.

आपल्या पट्ट्यापुरते आणखी एक सांगावेसे वाटते. ज्याला सुतारकामाची हौस आहे त्याला ओंडक्याची गरजच नाही. कारखान्यांत यंत्रसामग्री पाइनच्या खोक्यांतून आणि लाकडी पॅलेटवरून येते, आणि ते लाकूड आयते चिरलेले व वाळलेले असते. परदेशी खोक्यांवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि त्याशेजारी अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटे तापवलेले. ते घरात वापरायला हरकत नाही. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नये. कुदळवाडीतील गोदामांवर फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेची मोठी कारवाई झाली. त्यानंतर हे लाकूड पूर्वीसारखे एका ठिकाणी ढिगाने दिसत नाही, पण भोसरी-चाकणकडे चौकशी केली की मिळते.

आम्ही यंत्र घेतले नाही. पंचनामा झाला, वाहतुकीबद्दल विचारून घेतले आणि ओंडके टेम्पोने एका परवानाधारक आरागिरणीत गेले. आप्पा दिवसभर तिथे उभे होते; कोणता ओंडका कोणत्या अंगाने लावायचा आणि फळी किती जाडीची पाडायची, हे त्यांनीच ठरवले. त्यांच्या कारागिरीला जिथे किंमत होती तिथे ती कामी आली, आणि शिल्लक बँकेत राहिली. त्यांनी त्यातल्या थोड्या पैशांत एक चांगला विजेचा रंधा घेतला, त्यालाही मी हिशेब विचारला. तो त्यांनी दिला नाही.

कोणाला असे यंत्र घ्यायचे झाल्यास माझ्या मते चार प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर मांडावीत. पुढील दहा वर्षांत माझ्याकडे आपोआप किती घनफूट लाकूड येईल? ते रचून वाळवायला मला छपराखालची जागा आहे का? चालवण्याची लेखी परवानगी मिळते का? आणि हेच काम भाड्याने किंवा वखारीत करून घेतले तर किती पडते? पहिल्या प्रश्नातील ‘आपोआप’ हा शब्द गाळू नये. झाडे तोडूनच जर आकडा जुळत असेल, तर तो जुळला असे मानू नये.